सत्तावन्नावा बूट

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी, उपासना संपल्यावर, आमच्या दापोडीच्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीने गायनमंडळासाठी सहा हजार रुपये मंजूर केले. हजर आम्ही चौघं होतो: पाळकसाहेब, सेक्रेटरी साळवे, महिला मंडळाच्या मावशी आणि खजिनदार म्हणून मी. माझी बायको शीला बाहेर पायरीवर माझी वाट बघत बसली होती. दार उघडं होतं, म्हणून आम्ही हळू बोलत होतो.

इतिवृत्तात मी लिहिलं, 'गायनमंडळाच्या आवाजांचा मेळ सुधारण्यासाठी जाणकार व्यक्तीचं मानधन.' खरं कारण लिहिलं नाही. खरं कारण पायरीवर बसलं होतं.

नाताळाच्या आधी आमच्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांची एकत्र उपासना होते. प्रत्येक गायनमंडळ एक गीत गातं. त्याच्या आदल्या डिसेंबरात आमचं गीत तिसऱ्या कडव्यात विस्कटलं. कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि ते ग्रुपवर फिरलं. गाणारे माझ्यासकट सोळा जण, पण ऐकू येत होती एकटी शीला. तिचा आवाज सगळ्यांच्या वर, मळ्यातून बांधापलीकडे हाक मारावी तसा. खाली एकाने हसणाऱ्या तोंडांची रांग टाकली होती. मी ऑफिसात कानात इअरफोन घालून ते अकरा वेळा ऐकलं. अकराही वेळा तीच ऐकू आली.

एकोणीस वर्षं ती पुढच्या रांगेत उभी राहून गातेय. बालवाडीत शिकवते, घरी सासूबाईंचं म्हणजे माझ्या आईचं करते, आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी, तिला कुणी हाक मारायची नाही. तो तिचा सराव. तो काढून घेतला तर तिच्याकडे काय राहील, हा विचार मला आला होता, हे कबूल करतो. तरी मीच कमिटीत म्हणालो, "बाहेरचा माणूस आणू. बाहेरच्याने सांगितलं की कुणी मनाला लावून घेत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. सरळ सांगायचं तर मी माझ्या बायकोला गाण्यातून काढायला माणूस शोधत होतो. आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला, आमच्या कंपनीतले कानवाले काका.

मी चाकणला गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. काका तिथे लाइनच्या शेवटी काचेच्या खोलीत असत. ट्रकवर चढण्याआधी प्रत्येक गिअरबॉक्स त्या खोलीत फिरवला जाई आणि काका तो ऐकत. दोन फुटी स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मग म्हणायचं, "पास." नाहीतर "रीवर्क," म्हणजे दुरुस्तीला परत. छापील फॉर्मवर तिसरा रकाना होता, 'स्क्रॅप'. ते फॉर्म महिन्याच्या शेवटी माझ्याकडे येत. तो रकाना काकांनी नोकरी संपेपर्यंत एकदाही भरला नाही. मी शोधत असे, म्हणून माहीत आहे.

ते कुणालाच नावाने हाक मारत नसत. मला "अहो अकाउंट्स". कॅन्टीनच्या पोऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे आपापल्या खात्याच्या नावाने. आणि हा माणूस कधी खाली बसलेला मी पाहिला नाही. चहा उभ्याने प्यायचे, तोही फेऱ्या मारत. कुणाची बशी वाजली की जाता जाता तिच्यावर बोट ठेवायचे. पंखा कुरकुरला की जेवण अर्धं सोडून स्टूल शोधायचे. निगडीला प्राधिकरणात मुलाकडे राहायचे, तिथे रात्रीचा फ्रिज बंद करून ठेवायचे. सूनबाईंनी मला एकदा दारातच ऐकवलं, "तुमच्या काकांपायी आठवड्यातून दोनदा दूध नासतं. सांगा की काहीतरी तुम्ही!" आतून काका म्हणाले, "दूध नाही, कॉम्प्रेसर नासलाय."

बसमधलं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निगडीच्या स्टँडवरून आम्ही एकाच बसने निघालो होतो. आकुर्डी यायच्या आत काका ड्रायव्हरजवळ जाऊन उभे.

"तिसऱ्या गिअरला ऐका जरा. दुखतंय त्याला."

ड्रायव्हर मावळातला असावा. म्हणाला, "काका, आमी गाडी चालवतोय, दवाखाना न्हाई. बसा गप, न्हाईतर उतरा."

काका उतरले. खरोखर उतरले, भर उन्हात, दुसरी बस कधी येणार याचा पत्ता नसताना. चार दिवसांनी तीच बस चिंचवडला रस्त्याच्या कडेला उभी दिसली. मला वाटलं, आता खूश होतील. तर दिवसभर ते काचेच्या खोलीत फेऱ्या मारत होते. "मी उतरायला नको होतं, अकाउंट्स. बडबड करत राहायला हवं होतं."

पण मी त्यांच्याकडे गेलो ते आणखी एका दिवसामुळे. एकदा एका खेपेतले सगळे गिअरबॉक्स कुईं करू लागले. नवं मापाचं मशीन आलं होतं. त्याने आलेख काढून दाखवलं की मोठं चाक वाजतंय. मॅनेजर म्हणाले, मोठी चाकं बदला. काकांनी अंगठा दाखवला. नाही. ट्रक गेटवर उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत, आणि हे स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेका डब्याभोवती घिरट्या घालतायत. तीन तासांनी म्हणाले, "मोठं चाक पातळ आहे, ते घंटेसारखं वाजणारच. पण त्याला मारतंय कोण, ते बघा." उघडून पाहिलं तर त्याला भिडणाऱ्या लहान चाकाच्या एका दाताला खपली. नखाला लागेल न लागेल एवढी. मी त्या तीन तासांत उभ्या ट्रकांचं भाडं मोजत होतो. त्यामुळे काका काय म्हणाले ते माझ्या कानावर पडलं, एवढंच. मी लक्षात ठेवलं ते इतकंच, की हा माणूस दोष बरोबर शोधतो.

निवृत्त होऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. काचेच्या खोलीत आता फक्त मशीन आहे. मी काम सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी चर्चमधला नाही. मला गाण्यातलं सा की रे कळत नाही."

"मेळ बिघडलाय तेवढा बघा."

"किती जण?"

"सोळा."

"दर शनिवारी तेच सोळा येतात?"

"तेच."

याचं त्यांना फार अप्रूप वाटलेलं दिसलं. म्हणाले, "गिअरबॉक्स एकदा पास केला की जातो निघून. पुढे त्याचं काय होतं कळत नाही. येतो मी."

पहिल्या शनिवारी ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले. आल्याआल्या पंखे बंद करायला लावले. मग खिडक्या. चर्चच्या मागून रेल्वे जाते, म्हणून गाड्यांच्या वेळा मागितल्या आणि सराव दोन गाड्यांच्या मधे बसवला. जुलैचा उकाडा, सोळा माणसं घामाने भिजलेली. काका म्हणाले, "एकच सूर. तोंड मिटून. म्म्म. बाकी काही नको."

तीन शनिवार आम्ही तोंड मिटून नुसते घुमत होतो. शेवटी साळवे हार्मोनियमवरून उठले. "अहो काका, गाणं कधी घ्यायचं? नाताळ काय गाईसारखा हंबरून करायचा?"

"गाडी जागेवर उभी असताना थरथरतेय. तुम्हाला लगेच घाटात घालायचीय होय?"

काका प्रत्येकाला शेजाऱ्याच्या पाठीला पाठ लावून उभं करायचे. "स्वतःचं ऐकू नका. पाठीतून शेजाऱ्याचं घ्या." स्वतः मात्र एका जागी नाही. बाकांमधून येरझारा. मधेच स्क्रूड्रायव्हर बाकाच्या पाठीला टेकवायचे आणि मूठ कानाला. मावशी हसून हसून खाली बसल्या. साळवे म्हणाले, "काय काका, बाकाला ताप आलाय का?"

"तुम्ही हलता तेव्हा बाक बोलतो," काका म्हणाले. "आधी त्याचं तोंड बंद करा. पायांना रबरी बूट लावा." आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच पिंपरीतल्या हार्डवेअरवाल्याकडून उधारीवर घेऊन आले. बिल माझ्या नावाने.

त्या बिलाने मला तीन महिने छळलं. चौदा बाक, चार पाय, म्हणजे छप्पन्न बूट. बिलावर सत्तावन्न. आठ रुपये दराने चारशे छप्पन्न. मी बूट मोजले, छप्पन्न लागले होते. दुकानदार म्हणाला, "काकांनी मोजून सत्तावन्न नेले, साहेब." काकांना विचारलं तर फेऱ्या मारता मारता म्हणाले, "एक लागेल." कुठे? सांगेनात. हिशेब न लागलेल्या बिलाचे पैसे मी देत नाही. बिल फायलीत पडून राहिलं. आठ रुपयांसाठी माझी झोप जाते, हे शीलाला माहीत आहे, ती हसते.

ऑगस्ट गेला. शीलाचा आवाज होता तिथेच, सगळ्यांच्या वर. आमच्या रांगांत ती पुढे आणि तिच्या बरोबर मागे मी. तिचा आवाज चढला की मी काकांकडे बघे. वाटे, आता काका बोलणार. पण ते तिच्यापुढून जाताना, "ताई, पाणी प्या," एवढंच म्हणत. मी बेचैन झालो होतो. हे एकदाचं होऊन जावं असंही वाटे, आणि होऊ नये असंही. घरी ती भांडी घासताना तेच गीत म्हणे, हळू, छान. मग चर्चमध्ये काय होतं हिला?

सप्टेंबरात साळव्यांचा धीर सुटला. सरावानंतर त्यांनी काकांना जिन्याखाली गाठलं. मी शेजारीच होतो.

"काका, स्पष्टच विचारतो. एक नग काढावा लागेल ना? यांनाही माहितीय." माझ्याकडे बोट.

मी नाही म्हणालो नाही. ही गोष्ट मला लिहायलाच हवी. मी खाली बघत उभा राहिलो.

काकांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. "नग? माणसाला नग म्हणता? आणि काढायचं कुणाला, जो वाजतो त्याला? माझ्या रकान्यात स्क्रॅप नाही. ज्याला घाई आहे त्याने मशीन आणावं." आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत घालून निघून गेले. बिलाचा हिशेब गेला, माणूसही गेला, असं मला वाटलं. पण पुढच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे पंधरा मिनिटं आधी पोचलो, तर ते माझ्याही आधी येऊन दाराच्या बिजागरीला तेल देत होते.

मी सगळीकडे आधी पोचतो. कंपनीची बस मी कधी चुकवलेली नाही. बिलं मुदतीआधी भरतो. गातानाही माझं मोजमाप पक्कं असतं. पायाने ठेका धरतो, मनात आकडे चालू असतात, आणि कडवं कुठे उचलायचं हे मला साळव्यांच्या हार्मोनियमपेक्षा आधी कळतं. मागच्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघून सुरू करतात. मी कधी उशिरा आलो असं कुणी म्हणू शकणार नाही. याचा मला अभिमान होता.

ऑक्टोबरातला एक शनिवार. आम्ही तिसरं कडवं घेत होतो. काकांनी हात वर करून थांबवलं. "अहो अकाउंट्स, मागे पाण्याची मोटर चालू आहे वाटतं. बंद करून या."

मी गेलो. मोटर बंदच होती. परत फिरलो तेव्हा आत गाणं सुरू झालं होतं. मी भिंतीच्या कडेने येत होतो आणि सवयीप्रमाणे शीलाचा आवाज शोधत होतो. तो सापडेना. कडवं चढत गेलं. सोळातले पंधरा आवाज, पण कानाला ते पंधरा वाटत नव्हते. कुठे बाई संपते आणि कुठे बुवा सुरू होतो, कळत नव्हतं. आणि शीला नव्हती.

काढलं हिला. मला बाहेर पाठवून काढलं. मीच आणलेल्या माणसाने, मीच सांगितलेलं काम केलं. ती आता घरी येऊन काही बोलणार नाही, शनिवारी पाच वाजता भाजी निवडत बसेल, आणि मी समोर बसून पेपर वाचेन. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. मी धावत खिडकीपाशी गेलो.

शीला तिच्या जागेवर उभी होती. गात होती. मान जराशी कलती, खांदे सैल, घरी ओट्यापाशी असते तशी. तिच्या मागे माझी जागा रिकामी होती.

मी खिडकीशी किती वेळ उभा होतो, मोजलं नाही. गाणं संपल्यावर काका बाहेर आले. फेऱ्या न मारता माझ्यासमोर उभे राहिले.

"मोटर बंदच होती," मी म्हणालो.

"माहितीय."

"काय झालं होतं? सांगा."

"तुम्ही मोजता. तुम्ही येता सगळ्यांच्या केसभर आधी, आणि येता ते जोरात. तुमच्यामागून सगळी रांग ओढली जाते. ताई पुढे उभ्या राहून ती रांग धरून ठेवतात. सगळा भार त्यांच्यावर. वाजणारच की त्या."

"कधी कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्या शनिवारी. बाकातून तुमचा पाय ऐकू आला."

"मग इतके महिने?"

"तुमचं तुम्हाला बाहेरून ऐकू यायला हवं होतं. आणि त्याआधी बाकीच्यांचं नीट व्हायला हवं होतं. नाहीतर तुम्ही म्हणाला असता, काका म्हातारे झाले."

मी तसंच म्हणालो असतो. मी विचारलं, "मग मी गायचं थांबवू?"

"स्क्रॅप म्हणालो का मी?" त्यांनी खिशात हात घातला आणि एक रबरी बूट माझ्या तळहातावर ठेवला. काळा, नवा कोरा. "हा खिशात ठेवा. पाय उचलावासा वाटला की हा दाबा. मोजणं यात जाऊ द्या. तोंड उघडायचं ते ताईंचा खांदा हलल्यावर. त्यांच्या आधी नाही."

हातात बूट घेऊन मी पहिल्यांदा काय विचारलं असेल? "म्हणजे हाच तो सत्तावन्नावा?"

"रीवर्कला सामान लागतं," म्हणून ते निघून गेले.

त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना फुगेवाडीच्या सिग्नलला मी मान वळवून विचारलं, "तुला माहीत होतं? मी आधी येतो ते?"

"एकोणीस वर्षं," शीला मागून म्हणाली.

"मग सांगायचं नाही का?"

"आपल्या लग्नात पाळकसाहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तुम्ही 'होय' म्हणालात. अख्खं चर्च हसलं होतं. मला ते आवडलं होतं." सिग्नल सुटला. मग ती म्हणाली, "आणि तुम्ही मोजता किती मनापासून. म्हटलं, आपण थोडं जोरात गाऊ, भागेल."

जिन्याखाली मी गप्प उभा राहिलो होतो ते मी तिला घरी गेल्यावर सांगितलं. दोन दिवस मी डबा स्वतःच भरून नेला. तिसऱ्या दिवशी डबा देताना म्हणाली, "साळव्यांना मी बघते. तुम्हाला शनिवारी मागच्या रांगेत बघते."

नोव्हेंबर माझा फार वाईट गेला. शिस्त मोडणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. तिच्या खांद्याकडे बघत थांबायचं, आणि तो हलेपर्यंतचा क्षण म्हणजे नुसती तडफड. बूट दाबून दाबून अंगठ्याला घट्टा पडला. पंधरा वेळांतून चार वेळा मी आधी यायचोच. काका लांबून बोट वर करायचे, "रीवर्क." मावशी म्हणाल्या, "जावईबापू, लग्नाआधी शिकला असतात तर बरं झालं असतं." त्या शीलाच्या माहेरच्या, श्रीरामपूरकडच्या, म्हणून त्यांना तो अधिकार.

डिसेंबरात एकत्र उपासना झाली. आम्ही गायलो. तिसऱ्या कडव्याला मी बूट मुठीत धरला आणि शीलाचा खांदा हलण्याची वाट पाहिली. तो हलला. आम्ही सगळे एकदम आत गेलो. माझा आवाज मला ऐकू आला नाही आणि तिचाही नाही. ग्रुपवर कुणी काही टाकलं नाही. आमच्यात याचा अर्थ चांगलं झालं असा होतो. साळवे शीलाला म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही दिसलात, पण ऐकू आला नाहीत." शीला म्हणाली, "भाऊ, तुम्हीपण हार्मोनियम असाच वाजवा, ऐकू न येता." साळव्यांनी दोन्ही हात जोडले.

काका आले होते. शेवटच्या खांबाजवळ, स्क्रूड्रायव्हर खांबाला टेकवून. मी गर्दीतून पोचेपर्यंत ते गेले होते. खांबाजवळच्या एकाने सांगितलं, "ते म्हातारे होय? 'पास' म्हणाले नि गेले. लाउडस्पीकर गुणगुणत होता ना."

जानेवारीत मी पाकीट घेऊन निगडीला गेलो. आत सहा हजारांतून बुटांचे वजा करून उरलेली रक्कम होती. काका गॅलरीत उभे. त्यांनी पाकीट सुनेच्या हातूनच परत केलं. म्हणाले, "पासधारक आहे मी, बसलाही पैसे पडत नाहीत. तुमचे सोळा परत येतात, तेवढं मला पुरलं." मग आत बघून आवाज खाली आणला. "उजवा कान चालत नाही आता, अकाउंट्स. डावा हाडातून चालतो. कुणाला सांगू नका, सूनबाई फ्रिज चालू ठेवेल." म्हणजे आमचं सगळं गाणं त्यांनी त्या लोखंडी सळईतून ऐकलं होतं. तेव्हा कुठे मला कळलं की चर्चमध्ये ते एका जागी का उभे राहत नसत; ज्याचं ऐकायचं त्याच्यापर्यंत सळई न्यावी लागे.

वर्ष बंद करताना मी ती फाइल काढली. पाच हजार पाचशे बावन्न रुपये मंडळीच्या खात्यात परत जमा केले. छप्पन्न बुटांचे चारशे अठ्ठेचाळीस मंडळीतर्फे पिंपरीच्या हार्डवेअरवाल्याला दिले आणि पावती घेतली. सत्तावन्नाव्या बुटाचे आठ रुपये मी माझ्या खिशातून दिले, त्यालाच. त्याची पावती घेतली नाही.